टोमॅटो सॉस, भाजलेला

पिकलेले टोमॅटो कोरड्या आचेवर भाजून, त्यांचा गर गाळून व थोडा आटवून केलेले दाटसर तोंडीलावणे. केचपची गोडी मुख्यतः साखरेची आणि आंबटपणा व्हिनेगरचा असतो. या सॉसला मात्र फळातले पाणी उडाल्याने आणि कडा खरपूस झाल्याने चव येते. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, मांडवा आणि अलिबाग यांच्या मधल्या किनाऱ्यावर वसलेल्या किहीमसारख्या गावी तो घरी कसा करावा, हे समोर ठेवून ही नोंद लिहिली आहे.

हंगाम : माघ-फाल्गुन, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, हा यासाठी उत्तम काळ. थंडीत वाढलेले टोमॅटो तेव्हा भरपूर असतात. राज्यातील त्यांच्या मोठ्या बाजारपेठा जुन्नर तालुक्यात नारायणगावला आणि निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतला आहेत. याच सुमारास भात कापून झालेल्या जमिनीत लावलेला अलिबागचा पांढरा कांदा निघतो आणि त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो तिखटाला कमी आणि चवीला गोडसर असल्याने सॉसमध्ये साखर घालावी लागत नाही. किहीमच्या सॉसला स्वतःची ओळख मिळेल ती या कांद्याने. लाल कांदा घालूनही सॉस होतो, पण त्याचा उग्रपणा मागे रेंगाळतो. पावसाळ्यात मात्र हा खटाटोप करू नये. फळ पाणचट असते आणि भावही बहुधा चढलेला असतो.

टोमॅटोची निवड : टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. म्हणजे १ किलो फळातून घन भाग जेमतेम ६० ग्रॅम मिळतो. केचपमध्ये मीठ वगळून किमान २५ टक्के विद्राव्य घन पदार्थ असावेत असा आपल्याकडचा नियम आहे. नुसता टोमॅटो आटवून ही मर्यादा गाठायची तर १ किलोचे पाव किलोहूनही कमी उरेल. बाजारातल्या बाटलीत ही तूट साखर भरून काढते. घरी ती मर्यादा गाठण्याची गरज नसते, पण पाणी कमी असलेले फळ निवडणे हिताचे. लांबट, जाड गराचे, कमी बियांचे वाण घ्यावे. दूरच्या बाजारासाठी कच्चे तोडलेले टोमॅटो घरी दोन-तीन दिवस टोपलीत उघडे ठेवून लालबुंद होऊ द्यावेत. ते फ्रीजमध्ये ठेवले की पिकणे थांबते आणि वासही मंदावतो.

कृती : २ किलो टोमॅटो, ३ मध्यम पांढरे कांदे, ८-१० लसूण पाकळ्या, २ सुक्या मिरच्या, ३ मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि दीड लहान चमचा मीठ घ्यावे. टोमॅटो उभे अर्धे चिरून, कापलेली बाजू वर ठेवून ट्रेमध्ये एका थरात मांडावेत. एकावर एक रचले तर ते भाजत नाहीत, आपल्याच रसात शिजतात. वरून तेल व मीठ लावून आधीच २०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ४५ ते ६० मिनिटे ठेवावे. कडा काळपट तपकिरी व्हाव्यात, मधला भाग आक्रसून ओलसर राहावा. सगळा गर काळा पडला की कडवटपणा येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. टोमॅटो चिरून तासभर ठेवू नयेत. पेशी फुटल्या की त्यांतली विकरे पेक्टिन तोडू लागतात आणि सॉसला पाणी सुटते.

गॅसच्या ज्योतीवर वांग्यासारखा टोमॅटो फिरवून साल काळी करणे पुष्कळ घरांत चालते. चटणीला ते पुरेसे आहे, सॉसला नाही, कारण साल जळते आणि पाणी आतच राहते. नारळाच्या वाडीत करवंट्यांना तोटा नसतो. त्या पेटवून ज्वाळा व धूर पूर्ण बसू द्यावा आणि उरलेल्या निखाऱ्यांवर कांदा, लसूण आणि चार-पाच अख्खे टोमॅटो भाजावेत. बाकीचे टोमॅटो ओव्हनमध्ये. अशा विभागणीने दाटपणाही मिळतो आणि धुरकट वासही. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावणाऱ्या या भागाला तो वास चांगला ओळखीचा आहे.

भाजलेले सारे पुरणयंत्रातून काढावे. साली व बिया वर राहतात आणि गर मऊ उतरतो. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर चव तुरट होते आणि हवा मिसळून रंग फिका पडतो. हा गर मिरच्यांसह स्टीलच्या पसरट पातेल्यात मंद आचेवर १५-२० मिनिटे आटवावा. अॅल्युमिनियम किंवा बिडाचे भांडे घेऊ नये. आम्लाशी संयोग होऊन धातूची चव उतरते. चमचा ओढल्यावर तळाशी वाट क्षणभर उघडी राहिली की सॉस झाला. मिरच्या काढून टाकाव्यात. सॉस साधारण पाऊण लिटर होतो.

भाजल्याने काय होते : पाणी गेल्यामुळे फळातील ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि ग्लुटामेट दाटतात. कडांवर शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून खरपूस वास तयार होतो. पाण्यात उकळताना उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहत असल्याने हा वास फारसा येत नाही. उष्णतेने पेशी फुटून लाल रंगाचे लायकोपीन मोकळे होते आणि तेलाच्या सोबतीने शरीरात अधिक शोषले जाते.

परंपरा : टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज प्रदेशात असून लागवडीखाली तो मेक्सिकोत रुजला. तिथे आजही टोमॅटो व मिरची कोमाल नावाच्या तव्यावर भाजून दगडी खलात कुटतात. कोकणात टोमॅटो पोर्तुगीजांनंतर आला. किनाऱ्यावरच्या कालवणाला आंबटपणा द्यायला चिंच, कोकम आणि कैरी आधीपासून होतीच, त्यामुळे टोमॅटोला इथे फार उशिरा जागा मिळाली.

टिकाऊपणा : येथे चूक धोक्याची ठरू शकते. आम्लता मोजणाऱ्या सामू मापनात ४.६ ही सीमा मानतात. त्यावरच्या सामूत, हवाबंद बरणीत, बोट्युलिझमचे घातक विष निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात. टोमॅटोचा सामू वाणानुसार ४.३ ते ४.९ असतो; कांदा-लसणाने तो आणखी वाढतो. म्हणून हा सॉस बरणीत सीलबंद करून फळीवर ठेवू नये. वर तेलाचा थर दिल्यानेही तो सुरक्षित होत नाही. गार होताच फ्रीजमध्ये ठेवून पाच-सहा दिवसांत संपवावा, किंवा लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये सहा महिने ठेवावा. डबा काठोकाठ भरू नये, कारण गोठताना सॉस फुगतो.

उपयोग : घावन किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर तो नुसता खातात. तळलेल्या बोंबलांसोबत द्यायचा असेल तर वर लिंबू पिळावे. सुरमईचे तुकडे त्यातच मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजवले, तर वेगळे वाटण करावे लागत नाही.