लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

सोनोग्राफी ठीक, बीपी ठीक, पण रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.४ आणि त्याभोवती पेनाने गोल. घरात लगेच बीट, खजूर, डाळिंब येतं. दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या मात्र अनेकदा कपाटात पडून राहतात.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर त्याला ॲनिमिया म्हणतात, ७ च्या खाली गेलं तर तीव्र ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं आढळलं. लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण आहे. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकतं. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोकाही वाढतो.

संपूर्ण गरोदरपणात साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वार घेतात, ५०० आईचं वाढलेलं रक्त तयार करायला जातं, बाकीचं रोजच्या झिजेत. डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीर कमी प्रमाणात शोषतं. आणि बीट? त्याचा रंग रक्तासारखा आहे, एवढंच. १०० ग्रॅम बीटात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं. जरूर खा, पण ते गोळीची जागा घेऊ शकत नाही.

सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. (फॉलिक ॲसिडच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते. १९२८ मध्ये इथे आलेल्या डॉ. लुसी विल्स यांनी कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या ॲनिमियाचा अभ्यास केला होता.) ॲनिमिया असेल तर डोस डॉक्टर ठरवतात.

गोळी घेऊनही फरक पडत नसेल तर आधी ती कशाबरोबर घेता ते पाहा. चहा-कॉफी लोहाचं शोषण अडवते, त्यामुळे गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी आणि दूध यांच्याबरोबरही ती घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली.

बऱ्याच जणी गोळी सोडतात ती मळमळ आणि बद्धकोष्ठतेमुळे. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण न घेण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीने बाळ काळं होतं, हा समज तर निखालस खोटा आहे.

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढलं नाही, तर डॉक्टरांकडे परत जा. जंत, बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांची तपासणी लागू शकते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलची शंका आधीच घ्यायला हवी. दिवस भरत आले असतील किंवा गोळी अजिबात सोसत नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळ झालं की गोळ्या बंद करू नका. बाळंतपणानंतरही १८० दिवस त्या घ्यायच्या असतात.