ओट्यावरचा मामा

2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेड्यात शिरलं तेव्हा आमच्या घरासमोर एकच मोठा प्रश्न होता: मामाला न्यायचं कसं?

सायखेडा माझं आजोळ. पूर इथे कुणाला नवा नाही. वरून गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी सुटतं, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा येतो आणि नदीकाठचं सायखेडा, पलीकडचं चांदोरी मध्येच सापडतात. धान्य माळ्यावर टाका, गुरं सोडा, उंचावर चला, हे पोराटोरांनाही पाठ आहे. पण मामा चाळिशीचा, वजन नव्वदच्या पुढे आणि वीस पावलं चालला की धाप. शेवटी चौघांनी त्याला खाटेवर घालून नेलं. त्याला वाटलं, आपली वरात निघालीय. तो खूश होता. उचलणारे मात्र गुडघाभर पाण्यात घाबरून गेले होते.

मामाला डाऊन सिंड्रोम आहे. गावाने त्याला छळलं नाही, हे आधी सांगतो. उलट लाडच केले. येणारा-जाणारा हातावर पेढा ठेवणार, नाहीतर बिस्किटांचा पुडा. आजीने मात्र त्याला ओट्याखाली कधी उतरू दिलं नाही, कारण खाली नदी, रस्ता आणि उसाचे ट्रॅक्टर. तो जेमतेम दोन वर्षं शाळेत गेला. तिथे पीटीच्या तासाला त्याचं काम ठरलेलं होतं: सगळ्यांची दप्तरं राखायची.

पूर ओसरल्यावर मला एक प्रश्न छळायला लागला. एवढ्या मायेच्या माणसांनी एका धडधाकट पोराला तीस वर्षं बसवून का ठेवलं? उत्तर शोधायला गेलो तर ते आमच्या ओट्यापुरतं नव्हतंच.

आधी कायदा बघा. इंग्रजांनी 1912 साली केलेल्या लुनसी अ‍ॅक्टमध्ये ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येतच जन्मतः बुद्धी कमी असलेला माणूस घातला होता. म्हणजे आजारी आणि मामासारखे, सगळे एकाच कोंडवाड्यात. ही गाठ सुटायला 1987 चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. दरम्यान मुंबईत 1941 साली मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने अशा मुलांसाठी गृह काढलं. 1944 मध्ये जय आणि होरमसजी वकील यांनी आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली, पुण्यात 1964 मध्ये ‘कामायनी’ आली. नाशिकला 1977 साली रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने ‘प्रबोधिनी’ उभी केली. सायखेड्याहून नाशिक गाडीने तासाभराच्या आतलं. पण आमच्या घरातून त्या रस्त्याने मामाला घेऊन कुणी गेलं नाही.

गंमत म्हणजे याच महाराष्ट्राला व्यायामाचं वेड होतं. गावोगावी तालमी, जोर-बैठका, मल्लखांब. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक बर्लिनला गेलं आणि तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्याची कौतुकं आपण अजून सांगतो, आणि सांगायलाच हवीत. पण त्याच जर्मनीत 1934 पासून एक कायदा लागू होता. त्यानुसार ज्यांची सक्तीने नसबंदी व्हायची, त्या यादीत पहिलं नाव जन्मजात मतिमंदत्वाचं होतं. 1939 नंतर अशा लोकांना ठार मारण्याची योजनाच चालवली गेली, तिचं कार्यालय बर्लिनमध्ये होतं. बलवान शरीराची पूजा आणि दुबळ्या शरीराचा तिरस्कार तिथे एकाच छपराखाली नांदत होते. आपल्याकडे तिरस्कार तेवढा टोकाला गेला नाही. पण तालमीच्या दारात मामासारख्याला कुणी बोलावलंही नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक कॅनडाचा माणूस, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. फ्रँक हेडन. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोत त्याने अशा मुलांची ताकद आणि दम मोजला. तो इतर मुलांच्या साधारण निम्म्यावर भरला. आतापर्यंत सगळे म्हणायचे, बुद्धीबरोबर शरीरही मंदच असणार. हेडनने मुलांना नीट व्यायाम दिला, पुन्हा मोजलं आणि ती सुधारली. म्हणजे दोष जन्माचा नव्हता, बसवून ठेवण्याचा होता. हे वाचताना मला ती दप्तरं आठवली.

तिकडे अमेरिकेत 1962 साली युनिस केनेडी श्रायव्हर यांनी आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींची ही बहीण, आणि या दोघांची बहीण रोझमेरी. 1941 साली रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली गेली, त्यानंतर तिला धड बोलता-चालता येईना. ती कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआड राहिली. तेव्हा श्रायव्हरबाईंना हा विषय पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. 20 जुलै 1968 ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिलं स्पेशल ऑलिंपिक्स झालं, सुमारे हजार खेळाडूंचं. 1997 मध्ये तिथे खेळांच्या जोडीला डोळे, दात, कान, पाय तपासायची सोय आली. यांचं दुखणं यांना सांगता येत नाही, आणि डॉक्टरही फार विचारत नाहीत.

आपल्याकडे या शरीरांकडे कसं बघितलं जायचं, याचा पुरावा 1994 चा आहे. शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं पाळीतल्या स्वच्छतेचं. गदारोळ झाला, तेव्हा ते थांबलं. शरीर म्हणजे सांभाळणाऱ्याची अडचण, ती कमी करा, एवढाच हिशोब.

जून 2023 मध्ये स्पेशल ऑलिंपिक्सचे जागतिक खेळ बर्लिनला झाले. उद्घाटन 1936 च्याच स्टेडियममध्ये. भारताने 202 पदकं आणली. आपल्या पेपरांनी पदकं मोजली आणि विषय मिटला. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात खेळासाठी वेगळं कलम आहे, तालुक्याच्या मैदानावर त्याची खूण मला तरी दिसली नाही.

मामाचं सांगतो. आधी एका डॉक्टरने न तपासताच सांगितलं होतं, “हे असेच जाड असतात.” पुरानंतर दुसरीकडे रक्त तपासलं तर थायरॉईड निघालं. डाऊन सिंड्रोममध्ये ते बऱ्याच जणांना असतं. रोजची एक गोळी. त्यांचं सरासरी आयुष्य 1983 साली अमेरिकेत 25 वर्षं होतं, आज साठीच्या आसपास आहे. म्हणजे मामाला अजून बरंच जगायचंय, आणि आजी पंच्याहत्तरीची आहे.

सकाळी मी त्याला पुलाकडे नेतो. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, तिथे तो बसकण मारायचा. वर्षभराने पुलाचं तोंड गाठलं. आता मधोमध थांबतो, कठड्याला धरून पाणी बघतो आणि चांदोरीकडे बोट दाखवतो.

“उद्या,” मी म्हणतो.

“आज,” मामा म्हणतो. मागे ओट्यावरून आजीची हाक चालूच असते.