आम्ही सेऊणदेशीचे

मनमाडच्या माणसाला 'तुमचं गाव कसं आहे?' असं कुणी विचारत नाही. 'तिथं गाडी किती वेळ थांबते?' एवढंच विचारतात. जंक्शनवाल्यांनी इतिहासावर बोलणं म्हणजे हमालाने लग्नाच्या याद्या करण्यासारखंच. तरी बोलतो.

आमच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर चांदवड आहे. नवव्या शतकात दृढप्रहार नावाच्या पुरुषाने चंद्रादित्यपुरात आपलं बस्तान बसवलं, ते नगर म्हणजे हेच चांदवड, असं इतिहासकार मानतात. काय नाव आहे पाहा, दृढप्रहार! याच्याकडे उधारी मागायला कोण जाणार? त्याचा मुलगा सेऊणचंद्र. त्याने सेऊणपूर वसवलं आणि त्याच्याच नावावरून आमच्या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, ही सगळी वंशावळ लिहून ठेवली आहे.

हो, यादवच. शाळेत आपण ज्यांना 'देवगिरीचे यादव' म्हणून पाठ केलं, तेच हे सेऊण. शेजारचे कानडी लोक आपल्या शिलालेखांत त्यांना सेऊणच म्हणत. पण राज्य वाढलं की घराण्यालाही पूर्वज मोठे लागतात. त्यांनी आपलं मूळ थेट यदूशी आणि श्रीकृष्णाशी नेऊन भिडवलं आणि 'द्वारावतीपुरवराधीश्वर' अशी बिरुदावली लावली. म्हणजे बिऱ्हाड गोदावरीकाठी आणि दारावर पाटी द्वारकेची! गंमत म्हणजे त्यांचे हाडवैरी होयसळ, तेही यदुवंशीच म्हणवत आणि बिरुदही तेच लावत. द्वारकेत दोघांपैकी एकाचाही सातबारा नाही, आणि भांडण मात्र कृष्णातीरावर.

मुलखाला माणसाचं नाव देणं पुढेही चालू राहिलं. आमच्या उत्तरेचा खानदेश अकबराने १६०१ साली जिंकला आणि शहजादा दानियालच्या नावाने त्याचं 'दानदेश' केलं. साक्षात बादशहाने ठेवलेलं नाव, पण ते काही रुजलं नाही. सेऊणचंद्राचं मात्र चारशे वर्षं चाललं. मग आपण ते का टाकून दिलं? यादव काय, मथुरेतही सापडतील. सेऊण हे इथल्या मातीतलं नाव, आणि आज चांदवडच्या एस. टी. स्टँडवर विचारलं तर लोक म्हणतील, 'कुठल्या गल्लीत राहतो हा?'

चांदवडहून निघालेल्या या घराण्याच्या पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास देवगिरीला स्वतंत्र राज्य थाटलं. म्हणजे प्रवासाला तीनशे वर्षं लागली. त्या देवगिरीचं आता दौलताबाद आहे, आणि मनमाडहून तिकडे गाडी जाते. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले मागे टाकून ती रमतगमत निघाली की डब्यातले लोक उगाच कुरकुर करतात.