प्राण्यांचे सोंग

लोकनाट्य, उत्सव, बहुरूप्याचा खेळ किंवा शालेय स्नेहसंमेलन यांत माणसाने धारण केलेल्या प्राण्याच्या वेशास प्राण्यांचे सोंग असे म्हणतात. मुखवटा, अंगावरील पोशाख, पंजे आणि शेपटी हे त्याचे प्रमुख भाग होत. मुखवट्यावरील भाव बदलत नाहीत. त्यामुळे प्राण्याची चाल व चपळता दाखविण्याचे काम मुख्यतः पंजे आणि शेपटी यांवर येते. हे दोन्ही भाग कापडाचे करून हाताने शिवता येतात.

परंपरा

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा भागांत होणाऱ्या बोहाडा उत्सवात लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देवदेवता, राक्षस व प्राणी यांची सोंगे रात्री नाचविली जातात. गोव्यातील घोडेमोडणी या नृत्यात नर्तक घोड्याची सजविलेली आकृती कमरेस बांधतो. मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बहुरूपी मारुतीचे सोंग घेऊन दारोदार फिरत. या सोंगात लांब शेपटी ही मुख्य खूण असते. केरळमधील पुलिकळी या व्याघ्रनृत्यात मात्र वाघाचे पट्टे थेट अंगावर रंगविले जातात.

पंजे

पंजा हा सैल हातमोज्यासारखा असतो. कागदावर हाताची बाह्यरेषा काढून तीभोवती शिलाई व अस्तरासाठी जागा सोडतात आणि त्यावरून कापड बेततात. लव असलेले कापड उलट बाजूने, केवळ पाठ कापली जाईल अशा बेताने कापावे लागते. अन्यथा लव तुटून शिवण उघडी दिसते. लवेची दिशा मनगटाकडून बोटांकडे ठेवतात. शिवण उलट टिपेने घालून त्यात अडकलेली लव सुईच्या टोकाने बाहेर काढतात. तळव्याच्या गाद्या काळ्या कापडाच्या असतात. नखे जाड कापडाची करून त्यांत कापूस भरतात, म्हणजे सहकलाकारास इजा होत नाही.

शेपटी

शेपटी ही टोकाकडे निमुळती होत जाणारी कापडी नळी असते. तीत कापूस, फोमचे तुकडे किंवा चिंध्या भरतात. वर वळलेली शेपटी हवी असल्यास आत तार घालतात व तारेचे टोक वळवून कापडात गुंडाळतात. शेपटी केवळ पायजम्यास शिवल्यास तिच्या ओझ्याने कापड फाटते. म्हणून ती कमरपट्ट्यास जोडून पायजम्याच्या मागील फटीतून बाहेर काढतात. लोंबती शेपटी घोट्याच्या वर ठेवल्यास पायात येत नाही.

प्राण्यानुसार फरक

सिंहाच्या शेपटीस टोकाशी केसांचा गोंडा असतो, वाघाच्या शेपटीस नसतो. वाघाच्या अंगावर पट्टे, तर बिबट्याच्या अंगावर ठिपके असतात. वानराचे तोंड व हातपाय काळे असून शेपटी धडापेक्षा लांब असते. त्याच्या सोंगास काळे हातमोजे लागतात.

कायदा व सुरक्षितता

खंडोबाचे उपासक असलेले वाघ्ये भंडाऱ्यासाठी वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वाघ पहिल्या अनुसूचीत असून त्याचे कातडे, नखे किंवा दात यांचा व्यापार करणे अथवा ते बेकायदेशीरपणे बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे सोंगासाठी कापडी नखे व कृत्रिम लव हाच योग्य पर्याय ठरतो.

कृत्रिम लव उष्णतेने वितळते व लवकर पेट घेते. वितळलेले कापड त्वचेस चिकटून खोल भाजते. म्हणून असे सोंग घेतलेल्यास टेंभे, समया व फटाके यांपासून दूर ठेवणे आवश्यक असते. लंकादहनाच्या प्रवेशात शेपटीस प्रत्यक्ष आग न लावता लाल-पिवळ्या कापडाच्या पट्ट्या जोडून ज्वाळांचा आभास निर्माण करता येतो. लहान मुलांच्या बाबतीत मुखवट्यातून नीट दिसते व श्वास घेता येतो, याची खात्री आधी करावी लागते.