पऱ्हाटी : वऱ्हाडच्या कापसाचा न मोजलेला भाग

१/८
मार्च १८७०. जलंब ते खामगाव या लोहमार्गाच्या उद्घाटनासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हापासून इंग्रजांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर खिळली होती. आता खामगावच्या गाठी थेट मुंबई बंदराकडे निघाल्या.

२/८
या व्यापाराने रुई मोजली, पुढे सरकीही मोजली. झाड मात्र कोणी मोजले नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यापासून अवघ्या वऱ्हाडात वेचणीनंतर शेतात उरते ती पऱ्हाटी. तिची ओळख एकच : सरपण.

३/८
वास्तविक १८३८ मध्येच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी निरनिराळ्या वनस्पतींतून एकच द्रव्य वेगळे केले होते. तेच सेल्युलोज. रुईत ते ९० टक्क्यांच्या आसपास असते. पऱ्हाटीचाही मुख्य घटक तोच, फक्त लिग्निनने घट्ट जखडलेला.

४/८
१९४९ मध्ये स्वीडनच्या रॅन्बी यांनी गंधकाम्लाच्या साहाय्याने सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले. १९८३ मध्ये अमेरिकेत टर्बाक व सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा प्रचंड दाबाखाली दळून त्याचे सूक्ष्म तंतू सुटे केले. नॅनोसेल्युलोजच्या या दोन मूळ वाटा.

५/८
मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये कापसाची तंत्र-प्रयोगशाळा सुरू झाली. काम होते रुईची कताई-योग्यता तपासणे. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, अर्थात सिरकॉट. २०१५ मध्ये तिथे नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. क्षमता : ८ तासांच्या पाळीत १० किलो.

६/८
कृती अशी : काड्यांचा भुगा करायचा, अल्कलीत शिजवून लिग्निन काढायचे, उरलेला लगदा विरंजित करून दळत जायचे. शेवटी तंतूची जाडी १०० नॅनोमीटरच्या आत येते. माणसाचा केस याच्या शेकडो पट जाड असतो. असे तंतू कागदाला, वेष्टनाला आणि रबराला बळकटी देतात.

७/८
प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ हादरला. उभ्या पऱ्हाटीवरील वाळक्या बोंडांत ही अळी दडून राहते, म्हणून हंगाम संपताच शेत मोकळे करावे लागते. हेक्टरी २ ते ३ टन पऱ्हाटी उपटायची आणि टाकायची कुठे? बहुतेकदा उत्तर असते काडेपेटी.

८/८
अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी वजनाला हलकी, पण जागा फार अडवते. दूरच्या कारखान्यापर्यंत नेताना भाडेच मालाला गिळते. म्हणून तिचा भुगा आणि लगदा गावाजवळच व्हायला हवा. १८७० मध्ये रूळ आले, गाठी गेल्या आणि कापडाचा नफा दूरच्या गिरण्यांत राहिला. पऱ्हाटीच्या वाट्याला तोच इतिहास यायचा की वेगळा, हे तिच्यावरची पहिली प्रक्रिया कोणाच्या गावात होते यावर ठरेल.