छिटमहाल : सत्तावन्न वर्षांची वाट

भारत-बांगलादेश सीमेवरचे छिटमहाल म्हणजे एका देशाच्या मालकीची, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेली गावे. बहुतेकांत ना शाळा, ना दवाखाना, ना रेशनकार्ड.

१९५८ मध्ये नेहरू आणि फिरोजखान नून यांनी त्यांची अदलाबदल ठरवली. जमीन द्यायला घटनादुरुस्ती लागते, असे १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दुरुस्तीही झाली, अंमल मात्र झाला नाही. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी नवा करार केला. बांगलादेशाने त्याच वर्षी तो मंजूर केला. दिल्लीत मात्र जनता पक्ष, काँग्रेस, भाजप अशी सरकारे आली नि गेली, कागद तिथेच.

मनमोहनसिंग सरकारने २०१३ मध्ये विधेयक आणले, तेव्हा भाजपने विरोध केला. त्याच भाजपच्या सरकारने २०१५ मध्ये ते मंजूर करून घेतले! विरोधी बाकांवर जी जमीन देशाभिमानाची, तीच सत्तेत आल्यावर व्यवहाराची होते.

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटमहाल नकाशावरून पुसले गेले. बांगलादेशातल्या १११ भारतीय छिटमहालांतून हजाराच्या आतच माणसे इकडे आली. भारतातल्या ५१ मधून तर पलीकडे कोणीच गेले नाही.