लाल खारव्याची सनद

देवघरातील जुनी पोथी ज्या वस्त्रात बांधलेली असते ते वस्त्र बहुधा लाल असते. पोथीतील अक्षरांचा अर्थ आम्ही शास्त्रीबोवांस विचारतो. बांधणाच्या रंगाचा अर्थ कोणी विचारीत नाही. पणजोबांच्या काळी या जाड लाल कापडास खारवा म्हणत. व्यापाऱ्याच्या चोपडीचे वेष्टण त्याचेच असे आणि पुराणिकाच्या पोथीचे बांधणही त्याचेच. हा लाल रंग 'आल' नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून काढीत. माळव्यात व बुंदेलखंडात आलेची रीतसर शेती होत असे, आणि त्या माळव्याचा मोठा भाग शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे.

ग्वाल्हेर हे नाव आमच्या वाचकांस परके नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड हे सारस्वत मुत्सद्दी व सेनानी होते. समुद्रकाठची माणसे चंबळेच्या खोऱ्यात जाऊन राज्य सांभाळीत होती. त्यांच्या तलवारीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. त्या राज्यातील रंगाऱ्याच्या हंड्याचा इतिहास मात्र थोड्यांनीच लिहिला. तो हंडा आज उघडण्याचे कारण आमच्या वकिली पेशातले आहे. एखादी वस्तू करण्याची कृती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न कापडाचा रंग, औषध आणि समुद्रातील शेवाळ अशा तीन निरनिराळ्या ठिकाणी उभा राहिला. आणि तीनही ठिकाणी त्याने सामान्य माणसाच्या पोटापाण्याचा व प्राणाचा निवाडा केला.

प्रथम 'पेटंट' या शब्दाविषयी. इंग्लंडच्या राजाने सर्वांनी वाचावे म्हणून उघडे ठेवलेले पत्र, असा त्याचा मूळ अर्थ. आमच्याकडे त्यास सनद म्हणता येईल. देवस्थानाच्या इनामाची सनद ज्यांनी वाचली आहे त्यांस हे चटकन समजेल. इनाम फुकट नसते. दिवाबत्ती चालावी, नैवेद्य चुकू नये, ही त्याची शर्त असते; सेवा थांबली तर इनामाचा आधारच डळमळतो. पेटंटाचीही अशीच शर्त आहे. शोधकाने आपली कृती, जाणकाराला ती करता येईल अशा तपशिलाने, सरकारदरबारी उघड करावी. त्या मोबदल्यात काही वर्षे ती दुसऱ्याने वापरू नये असा हक्क त्यास मिळतो. आजच्या कायद्यात ही मुदत २० वर्षांची आहे. मुदत सरली की कृती जनतेची. म्हणजे पेटंट हे गुपिताचे रक्षण नव्हे. ते गुपित सोडण्याचे मोल आहे.

१८५६ साली हिंदुस्थानात शोधांच्या हक्काचा पहिला कायदा झाला, आणि कलकत्त्याच्या डी पेनिंग नावाच्या गृहस्थांनी पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल पहिला अर्ज केला. योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढून त्याचे पेटंट घेतले. एकीकडे पंखा आणि एकीकडे कृत्रिम रंग! पुढील शंभर वर्षांचा इतिहास या दोन अर्जांत जणू बीजरूपाने आला होता.

आता ग्वाल्हेर संस्थानातील छिप्यांकडे वळू. उज्जैनजवळचे भैरवगड, नीमचकडील जावद आणि लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले बाघ ही ठिकाणे शिंदे सरकारच्या मुलखातली. तेथे ठशांनी कापड छापण्याची विद्या होती आणि आजही ती आहे. बाघच्या छपाईची रीत पाहिली तर ती एक संपूर्ण रसायनकृतीच आहे. प्रथम कापड धुऊन त्यातील खळ काढतात. मग खार, एरंडेल व शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते मुरवितात, आणि सुकल्यावर हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लाल रंग जेथे हवा तेथे तुरटीचा ठसा आणि काळा हवा तेथे लोहाचा ठसा उमटवितात. ठसा उमटला तरी रंग अजून आलेलाच नसतो. कापड काही दिवस तसेच ठेवून नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. नंतर तांब्याच्या मोठ्या भांड्यात रंगद्रव्य व धायटीची फुले घालून उकळतात. तेव्हा तुरटीच्या जागी लाल उमलतो, लोहाच्या जागी काळा गडद होतो आणि उरलेली भूमी पांढरी राहते. तुरटीतील धातू एका हाताने सुताला धरतो आणि दुसऱ्या हाताने रंगाला. म्हणून रंग धुण्याने जात नाही. हे शास्त्र छिप्याने ग्रंथात वाचले नव्हते. ते त्याच्या बोटांत होते, नदीच्या पाण्यात होते, आणि बापाकडून मुलाकडे आलेले होते. त्याची सनद कोणाकडेच नव्हती.

१८६८ साली ग्रेबे व लीबरमन या दोन जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठाकुळातील यूरोपीय रोपाच्या मुळात असणारे 'ॲलिझरीन' हे लाल द्रव्य डांबरातल्या अँथ्रासीनपासून तयार करून दाखविले. आलेच्या मुळांतील रंग हा ह्या ॲलिझरिनाचा गोत्रजच. लगेच कृती स्वस्त करण्याची शर्यत लागली. २५ जून १८६९ रोजी जर्मन पक्षाने लंडनच्या कचेरीत आपला अर्ज दाखल केला. २६ जून रोजी पर्किनने आपला. अवघ्या एका दिवसाचे अंतर! पुढे दोघांनी समजुतीने बाजार वाटून घेतले: इंग्लंड पर्किनचे, बाकीचा यूरोप जर्मनांचा. त्या वाटणीच्या वेळी माळव्यातील आलेच्या शेतकऱ्याचे नाव कोणी काढले नाही. काढण्याचे कारणही कोणास दिसले नसावे. परंतु आलेची मुळे खणण्याजोगी होण्यास तीनचार वर्षे लागत, आणि डब्यातील ॲलिझरीन बाजारात रोज मिळे. आलेची शेती उठली. १८९७ मध्ये जर्मनीतूनच कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीच्या शेतीचीही तीच गत झाली. बाघच्या तांब्याच्या भांड्यातसुद्धा आलेच्या जागी ॲलिझरीन आले. तुरटी, हिरडा व धायटी तेवढी जुनी राहिली.

येथे कोणी म्हणेल की पेटंटाने आमचा रंगारी मारला. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आलेला मारले ते स्वस्त मालाने. पण त्या स्वस्त मालामागे कृती लिहून ठेवण्याची, तपासण्याची व सुधारण्याची जी शिस्त होती, ती आमच्याकडे नव्हती. जर्मनांनी १८७७ च्या आपल्या कायद्यात एक शहाणपणाची मेखही मारली: औषध, अन्न व रासायनिक पदार्थ यांच्यावर पेटंट नाही, ते तयार करण्याच्या पद्धतीवर मात्र मिळेल. गाव कोणाच्या मालकीचे नाही, गावाकडे जाणारी आपण बांधलेली वाट तेवढी आपली, असा हा न्याय. दुसऱ्यास त्याच गावी जावयाचे असेल तर त्याने नवी वाट काढावी. परिणाम असा झाला की जर्मनीत वाटा काढणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

आमच्याकडे १९११ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता; ग्वाल्हेरसारख्या संस्थानास तो आपोआप लागू नव्हता. त्यात औषधी द्रव्यावरही हक्क मिळू शके. त्याचे फळ स्वातंत्र्यानंतर दिसले. मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइड या औषधाबद्दल हेक्स्ट या जर्मन कंपनीने मुंबईच्या युनिकेम कंपनीवर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. आपण परळच्या हाफकिन संस्थेच्या पद्धतीने औषध करतो, असा युनिकेमचा बचाव होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निकाल लागला तो हेक्स्टच्या बाजूने. कायदा जसा होता तसा न्यायालयाने लावला. दोष असेल तर तो कायद्याचा होता. तो दोष न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या आपल्या अहवालात आधीच दाखविला होता. त्यांनी जर्मन मार्ग सुचविला: औषधावर हक्क नको, कृतीवर असावा. १९७० च्या कायद्याने ते मानले, आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. औषधाच्या कृतीची मुदतही फार तर सात वर्षे ठेवली. पुढील तीस वर्षांत हिंदी रसायनज्ञांनी इतक्या वाटा काढल्या की गरीब देशांचे औषधालय म्हणून या देशाची ख्याती झाली. जागतिक व्यापारकरारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधावरील पेटंट परत आले. तरी जुन्याच द्रव्याला किरकोळ नवे रूप देऊन हक्क लांबविण्यास कायद्याने प्रतिबंध ठेवला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रतिबंध उचलून धरला.

या साऱ्यात ग्वाल्हेर कोठे? ते याच वाटेवर आहे. १९४७ मध्ये, संस्थान मावळण्याच्या उंबरठ्यावर असताना, शिंदे सरकारने राज्यातील वनसंपत्ती व खनिजे यांच्या शोधासाठी जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी उभारली. तलवारीने मिळविलेल्या राज्याचा हा शेवटचा मोठा ठेवा प्रयोगशाळा असावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. १९६६ मध्ये ती संरक्षण खात्याकडे आली आणि १९७३ मध्ये संरक्षण संशोधन व विकास आस्थापना या नावाने स्वतंत्र झाली. डास पळविणाऱ्या परदेशी द्रव्याचा कच्चा माल देशात मिळेना, तेव्हा येथील रसायनज्ञांनी देशी कच्च्या मालापासून 'डेपा' नावाचे वेगळे द्रव्य पुढे आणले. २०२१ च्या महामारीत २-डीऑक्सी-डी-ग्लुकोज या औषधाची चर्चा घरोघर झाली. ते विकसित केले दिल्लीच्या संरक्षण-संस्थेने, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीसह, त्याला त्या वर्षीच्या मे महिन्यात तातडीच्या वापरासाठी, पूरक उपचार म्हणून, परवानगी मिळाली. त्याच्या गुणाविषयी वैद्यांत मतभेद झाले. तो वाद वैद्यांचा. आमचा मुद्दा निराळा. तो रेणू जुनाच होता. तो सोप्या रीतीने तयार करण्याची पेटंट घेतलेली कृती मात्र ग्वाल्हेरची होती. आणि जून २०२१ मध्ये ती इतर कारखान्यांस देण्यासाठी अर्ज मागविण्यात आले. गाव जुने, वाट नवी, आणि वाटेवरचा पहारा लोकांसाठी सैल केलेला! सनदेची सेवा-शर्त पाळणे ती हीच.

तिसरी वस्तू समुद्राची. छापताना रंग पसरू नये म्हणून त्यात खळ मिसळावी लागते. आमच्याकडे डिंक किंवा चिंचोक्याची खळ चाले. १९५६ मध्ये सुताशी रासायनिक बंध जोडणारे नवे रंग बाजारात आले, आणि पंचाईत झाली: हे रंग पिठाच्या खळीशीही बंध जोडू लागले. रंग वाया जाई व कापड ताठर होई. त्यावर उपाय सापडला तो समुद्रशेवाळात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील शेवाळातून स्टॅनफर्ड नावाच्या रसायनज्ञाने १८८१ मध्येच 'अल्जिन' काढून त्याचे पेटंट घेतले होते. त्यापासून होणारी खळ या रंगांशी फारशी सलगी करीत नाही. धुतली की निघून जाते. तोवर स्टॅनफर्डच्या पेटंटाची मुदत केव्हाच सरली होती, म्हणून ते ज्ञान सर्वांना मोकळे होते. अल्जिन देणारे तपकिरी शेवाळ मन्नारच्या आखातात विपुल आहे, आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही ते आढळते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तर ओले तांबडे शेवाळ पिळून रसाचे खत व चोथ्याचे कॅराजीनन अशी एकाच कृतीत दोन उत्पादने काढून तिचे पेटंट मिळविले. आमचे कोळीबांधव तेच शेवाळ जाळ्यातून काढून टाकीत आले आहेत.

शेवटी हळदीची गोष्ट सांगून मूळ मुद्द्यावर येतो. १९९५ मध्ये हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत पेटंट दिले गेले. गोमंतकातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी आमच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ते कशाच्या जोरावर? घरोघरच्या आजीबाईंच्या साक्षीवर नव्हे. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख व १९५३ सालचा एक छापील वैद्यकीय लेख यांच्या जोरावर. न्यायालय मानते ते कागद. हळदीला कागद होता, म्हणून हळद वाचली. आता आमच्या कायद्यातही परंपरागत ज्ञानावर पेटंट देता येत नाही असे स्पष्ट कलम आहे. पण ते ज्ञान परंपरागत होते हे दाखविण्यास पुन्हा कागदच लागतो.

आमच्या कोकण-गोमंतकातील कित्येक देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी कावी चित्रे होती. चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करणे, अशी ती कृती. जीर्णोद्धाराच्या उत्साहात किती भिंती सिमेंटखाली गेल्या ते ज्याने त्याने आपल्या कुलदेवतेच्या देवळात जाऊन पाहावे. चुना किती दिवस मुरवावा, त्यात काय घालावे, थर किती जाड असावा, हे सांगणारे हात आता थोडे उरले आहेत. आलेच्या रंगाऱ्याची गाठ परक्या स्पर्धकाशी होती. येथे तसा स्पर्धक कोणी नाही. आमचे दुर्लक्ष तेवढे आहे.

देवस्थान-समित्यांच्या दप्तरांत इनामांच्या सनदा जपून ठेवलेल्या असतात. त्यांच्याच शेजारी एक वही ठेवावी. जे कारागीर अजून आहेत त्यांच्या तोंडून कृती ऐकून, मापांसह, तारखेसह आणि त्यांच्या नावानिशी, तीत उतरवून घ्याव्यात. वहीला वेष्टण अर्थातच लाल खारव्याचे असावे.